हातावरचे पोट आणि यंत्रातला हात

परीक्षेच्या दिवसांत पर्यवेक्षण हे प्राध्यापकाच्या वाट्याला येणारे सर्वांत कंटाळवाणे काम होय. तीन तास कुणाशी बोलावयाचे नाही, काही वाचावयाचे नाही, केवळ पाहावयाचे. या सक्तीच्या पाहण्यातूनच प्रस्तुत विषय मला सापडला. अखेरची घंटा झाली आणि मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने हात वर केला. "सर, एवढा दोरा बांधून देता का?" उत्तरपत्रिकेला पुरवणी बांधण्यास दोन्ही हातांची बोटे लागतात, ही साधी गोष्ट वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. त्याच्या उजव्या हाताची तर्जनी, मधले बोट व अनामिका ही तिन्ही मुळापासून नाहीशी झाली होती. पेपर त्याने डाव्या हाताने लिहिला होता. मी विचारले तेव्हा त्याने एकाच शब्दात उत्तर दिले : "कुट्टी."

बीड जिल्ह्यात या शब्दाला स्पष्टीकरण लागत नाही. कडबा कुट्टीचे यंत्र आता आष्टी-पाटोद्यापासून केज-धारूरपर्यंत दुभत्या जनावरांच्या असंख्य गोठ्यांत आहे, आणि त्याने बोटे नेलेला एखादा तरी माणूस प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. ओळखीच्या गोष्टीचे आपणांस आश्चर्य वाटत नाही, आणि ज्याचे आश्चर्य वाटत नाही त्याचा आपण हिशेबही मांडीत नाही. अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने तो हिशेब मांडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी यंत्राच्या विरोधात नाही. हा जिल्हा पर्जन्यछायेतला. येथील रब्बी ज्वारी जितकी माणसाच्या भाकरीसाठी पेरली जाते तितकीच जनावराच्या कडब्यासाठी पेरली जाते. आखूड न केलेली पेंढी गव्हाणीत टाकली की जनावर पाला व शेंडा खाते आणि धाटांचा जाड भाग पायाखाली तुडवते. तोच कडबा बारीक कापून घातला म्हणजे त्यातील फारच थोडा वाया जातो. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, किंवा २०१८-१९ साली चारा छावण्यांत जनावरांसोबत ज्यांनी रात्री काढल्या, त्यांना वाचलेल्या पेंढीचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. कुट्टी यंत्राने या जिल्ह्याच्या दुग्धव्यवसायाला हात दिला, हे निर्विवाद आहे. त्याने हात घेतलेही, हे तितकेच निर्विवाद आहे. दुसऱ्या बाजूची नोंद मात्र कोणत्याही खातेवहीत होत नाही.

मोटर येण्यापूर्वी हे यंत्र हाताने फिरवीत असत. एक जण मोठे चाक फिरवी, दुसरा कडबा पुढे सारी. सारणाऱ्याने ओरडताच फिरवणारा थांबे. किंबहुना दोन माणसांचे ते सहकार्य हीच त्या जुन्या यंत्रातील सर्वांत विश्वसनीय सुरक्षा-योजना होती, जरी तिला तसे नाव कुणी दिले नव्हते. पुढे दोन-तीन अश्वशक्तीची मोटर आली आणि फिरवणाऱ्या माणसाची मजुरी वाचली. पण मोटरीला कान नसतात. मजुरी वाचली ती मालकाची. ऐकणारा गेला तो मजुराचा. यांत्रिकीकरणाच्या लाभहानीची वाटणी किती विषम असू शकते, हे याहून सोप्या उदाहरणाने मला वर्गातही सांगता आलेले नाही.

हात यंत्रात जातो तरी कसा? आपल्याकडे या प्रश्नाचे ठरीव उत्तर "निष्काळजीपणाने" असे आहे. प्रत्यक्षात घडते ते असे. यंत्राच्या तोंडाशी दातेरी रूळ असतात; ते कडबा पकडून आत ओढतात आणि पलीकडे जड चाकावर बसवलेली पाती त्याचे तुकडे करतात. पात्यांना धार असेतोवर काम सुरळीत चालते. धार गेली, किंवा पाते आणि त्याच्यासमोरची स्थिर पट्टी यांतील फट वाढली, म्हणजे कडबा कापला जाण्याऐवजी चेचला जाऊ लागतो, तोंडाशी तुंबतो, आणि माणूस तो तळव्याने आत रेटतो. पेंढीचे शेवटचे आखूड तुकडे तर रेटल्यावाचून जातच नाहीत. रुळांनी बोटाचे टोक धरले की ते कडब्याप्रमाणेच पुढे जाते, कारण धाट आणि बोट यांतला भेद रुळांना कळत नाही. म्हणजे ज्या अपघाताला आपण निष्काळजीपणा म्हणतो, त्याचे मूळ पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांपूर्वी न लावलेल्या धारेत असते. यंत्राची निगा आणि मजुराची सुरक्षितता ही दोन निरनिराळी प्रकरणे आहेत असे मानणे हीच पहिली चूक होय.

दुसरी गोष्ट विजेची. आपल्याकडे वीज जाते तशी सांगून येत नाही. यंत्र चालू असता ती गेली की यंत्र थांबते, आणि तुंबलेला कडबा काढण्याची हीच संधी असे वाटून माणूस तोंडात हात घालतो. बटण चालूच असते. वीज गेल्याने यंत्र बंद झालेले नसते, ते केवळ थांबलेले असते. हा फरक बोटे गेल्यावर कळतो. विहिरीवरील मोटरीच्या स्टार्टरमध्ये वीज जाताच आपोआप सुटणारी योजना असते, जेणेकरून वीज परत आली तरी माणसाने बटण दाबल्याखेरीज मोटर सुरू होऊ नये. गोठ्यातील यंत्र मात्र बहुधा साध्या खटक्यावर किंवा भिंतीतल्या प्लगवर चालते. याच्या उलट, बटण बंद केल्यानंतरही जड चाक आपल्या वेगाने काही काळ फिरतच राहते. आवाज थांबला म्हणून हात घालणारे त्यात सापडतात. प्लग काढून घ्यावा आणि चाक डोळ्यांदेखत स्थिर होईपर्यंत हात लावू नये, एवढे साधे पथ्य आहे. पण ते कुणी शिकवावयाचे? यंत्र विकणारा दुकानदार आपणांस वजन, किंमत आणि हप्ते सांगतो. तीन तारांपैकी जमिनीशी जोडावयाची तार प्लगमध्ये न बसवता कापून टाकलेली मी स्वतः कित्येक गोठ्यांत पाहिली आहे. ओल्या गव्हाणीशी, अनवाणी पायाने, लोखंडी सांगाड्याला टेकून उभ्या असलेल्या बाईचा जीव त्या कापलेल्या तारेवर अवलंबून असतो.

मळणी यंत्राची गोष्ट वेगळी नाही, फक्त वेग अधिक आहे. ट्रॅक्टरच्या मागील ज्या दांड्यावर ते चालते तो दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो. म्हणजे सेकंदाला नऊ. त्यावर आच्छादन नसेल आणि पदराचे किंवा उपरण्याचे टोक त्याला लागले, तर "अरे" म्हणावयाच्या आत काय होते ते वाचकांनीच ताडावे. मळणी बहुधा पोत्यावर ठरते. पाऊस उतरण्यापूर्वी खळे उरकावयाचे असते. अशा वेळी जे आच्छादन कामाची गती थोडी देखील कमी करते ते प्रथम काढून ठेवले जाते आणि ते पुन्हा कधीच बसत नाही. गावोगावच्या वेल्डिंगच्या दुकानांतही हेच दृश्य आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे घेतो. त्याचे लोखंडी कवच काढून त्यावर मोठ्या आकाराची चकती चढविलेली असते, जी त्या वेगासाठी बनविलेलीच नसते. डोळ्यांवर चष्मा असला तर तो उन्हाचा. परंतु तो कारागीर निदान आपल्या हत्याराचा धनी असतो. धोका त्याचा आणि कमाईही त्याची. गोठ्यातील सालगड्याचे तसे नाही, म्हणून मी पुन्हा गोठ्याकडे वळतो.

आपल्या शेजारच्या नव्हे, परंतु आपल्यावर राज्य केलेल्या देशाचा इतिहास येथे उद्बोधक आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने मळणी यंत्रांपासून होणारे अपघात टाळण्यासाठी १८७८ साली स्वतंत्र कायदा केला, आणि १८९७ साली केवळ कुट्टी यंत्रांच्या अपघातांसाठी आणखी एक. हात रुळांतून पात्यांपर्यंत ओढला जाणार नाही अशीच यंत्राच्या तोंडाची बांधणी असली पाहिजे, हे त्या दुसऱ्या कायद्याचे सार होते. हिंदुस्थानात १८८१ साली कारखान्यांचा पहिला कायदा आला, त्यात धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती. पण ती कारखान्यांपुरती. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने चालू यंत्राचे भाग पुसण्याचे काम स्त्रियांना व अल्पवयीनांना देऊ नये असे बजावले. गोठा हा कारखाना नव्हे. त्यामुळे जे काम कारखान्यात स्त्रियांना व मुलांना निषिद्ध ठरले, ते गोठ्यात त्यांचेच नित्यकर्म झाले.

शेतीकडे आपल्या संसदेचे लक्ष गेले ते १९८३ साली. हरितक्रांतीनंतर पंजाब-हरियाणात मळणी यंत्रांनी इतके हात घेतले की धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. उत्पादकास परवाना, यंत्रासोबत माहितीपुस्तिका, आणि मजुरास इजा झाल्यास भरपाई, असा त्याचा आराखडा होता. मळणी यंत्राच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानकही आहे : आयएस ९०२०. पीक घालण्याची नळी निदान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि तिचा ड्रमकडील निदान ४५ सेंटिमीटर भाग झाकलेला असावा, असे त्याचे म्हणणे. या आकड्यांमागील तर्क कुणालाही समजेल. नळी हातापेक्षा लांब असली तर हात पोचणारच नाही. येथे मजुराच्या सावधपणावर काहीच सोपविलेले नाही, आणि हेच या मानकातील शहाणपण आहे. दिवसभर राबलेला, झोपेला आलेला माणूस देखील ज्यातून सुखरूप बाहेर पडतो, तेच सुरक्षित यंत्र.

गुइडो कॅलाब्रेसी या अमेरिकन विधिज्ञाने १९७० साली अपघातांच्या खर्चावर एक ग्रंथ लिहिला. दोष कोणाचा, यापेक्षा अपघात सर्वांत कमी खर्चात कोण टाळू शकला असता, हा प्रश्न विचारावा व खर्चाचा बोजा त्याच्यावर टाकावा, असा विचार त्याने मांडला. आपल्या गोठ्याला तो लावून पाहा. मजुराने टाळावयाचे म्हटले तर त्याला रोज, प्रत्येक पेंढीला, आयुष्यभर सावध राहावे लागेल. उत्पादकाने टाळावयाचे म्हटले तर पत्र्याची एक लांब नळी, एक उलट फिरविण्याचा दांडा आणि वीज गेल्यावर सुटणारा खटका एवढे पुरे आहे. वीस-पंचवीस हजारांच्या यंत्रात या गोष्टींनी किती भर पडेल, हे कोणताही लोहार तोंडी सांगेल. तरीही उत्पादक त्या घालीत नाही, कारण गिऱ्हाईक त्या मागत नाही. आणि गिऱ्हाईक मागत नाही, कारण यंत्रात हात त्याचा जात नाही. बाजार येथे चुकत नाही. तो आपल्या पद्धतीने अगदी चोख हिशेब करतो. फक्त ज्याचा हात जातो तो या खरेदी-विक्रीत हजरच नसतो.

हाताची किंमत मात्र आपल्याकडे केव्हाच ठरलेली आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेली एक अनुसूची आहे. माझ्या पाहण्यात इतके थंड डोक्याने लिहिलेले दुसरे कोष्टक नाही. तर्जनी पूर्ण गेल्यास कमाईच्या क्षमतेत १४ टक्के घट, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, अंगठा ३०, तीन बोटे ३०, चार बोटे ५०, संपूर्ण पंजा ६०. वाचून अंगावर काटा येतो. पण हे कोष्टक मजुराचा शत्रू नव्हे, मित्र आहे. ते त्याला निश्चित रक्कम देऊ करते. समजा, अठरा वर्षांच्या तरुणाची मजुरी दिवसाला ३०० रुपये, म्हणजे महिना ९,००० आहे. त्याच्या ६० टक्क्यांना वयाच्या गुणकाने, म्हणजे २२६.३८ ने गुणावयाचे आणि तीन बोटांसाठी त्याचे ३० टक्के घ्यावयाचे. उत्तर येते ३ लाख ६६ हजार ७३५ रुपये. वीज किंवा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या साधनांनी शेती करणारा मजूर या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत समाविष्ट होता. नैमित्तिक मजुरांना वगळणारे शब्द २००० सालच्या दुरुस्तीने निघून गेले. गोठ्यातील कुट्टी म्हणजे शेती की नाही यावर वकील मंडळी घटकाभर वाद घालतील, घालोत. परंतु मजुराचा निव्वळ निष्काळजीपणा हा या कायद्याखाली मालकाचा बचाव होऊ शकत नाही, हे तरी वादातीत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. शतकभराच्या त्याच्या आयुष्यात आमच्या भागातील किती मजुरांनी त्याचे नाव ऐकले असेल, हा प्रश्न मी वर्गात विचारला. पदवीच्या वर्गात एकही हात वर आला नाही.

याच्या शेजारी शासनाची दुसरी योजना ठेवून पाहावी. या जिल्ह्याचे सुपुत्र गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने शेतकऱ्यांसाठी अपघात साहाय्य योजना आहे. मृत्यू आल्यास दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेल्यास एक लाख. योजना चांगली आहे, तिने अनेक घरे सावरली आहेत. परंतु तिचा लाभ सातबाऱ्यावर नाव असलेल्या खातेदारास व त्याच्या कुटुंबातील एका सदस्यास मिळतो. ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्याचा हात त्याच यंत्रात, त्याच गोठ्यात गेला तर ही योजना त्याला ओळखत नाही. आपल्या दयाबुद्धीलाही सातबारा लागतो, असे म्हणावयाचा मोह होतो.

बीडच्या संदर्भात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. येथून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादम त्यांना उचल देतो ती माणशी नव्हे, तर कोयत्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. माणसाचे नाव हत्यारावरून पडावे यापरते श्रमबाजाराचे नग्न वर्णन सापडणार नाही. आता उन्हाळ्यात कुणाच्या गोठ्यात कुट्टी करताना नवऱ्याचा पंजा गेला, तर दिवाळीत ती बायको अर्धा कोयता होते. अनुसूची म्हणते ६० टक्के घट. मुकादम म्हणतो उचलच नाही. मागील उचल फिटलेली नसेल तर ती पुढच्या वर्षी कोण फेडणार, याचे उत्तर बहुधा घरातील शाळकरी मुलाला शाळा सोडून द्यावे लागते. हातावर पोट असणे हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे, पण येथे तो शब्दशः घ्यावयाचा आहे.

करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातील बहुतेक स्वस्त आहे. शासन कुट्टी यंत्रावर अनुदान देते. लांब झाकलेली नळी आणि वीज गेल्यावर सुटणारा खटका नसलेल्या यंत्राला अनुदान नाही, असे एक वाक्य त्या नियमांत घातले तर दुकानदार आठवड्यात सुधारतील. कारण अनुदानाची भाषा बाजाराला कायद्याच्या भाषेपेक्षा लवकर समजते. जुन्या यंत्रांना नळी बसविण्याचे काम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील जोडारी व वेल्डर शाखेच्या मुलांना प्रात्यक्षिक म्हणून का देऊ नये? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही वर्षानुवर्षे गावाचे रस्ते झाडतो. गावकरी कौतुकाने पाहतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कचरा टाकतात. त्याऐवजी शिबिरातील मुलांनी प्रत्येक गोठ्यातील प्लग उघडून तिसरी तार जागेवर आहे की नाही एवढे पाहिले तरी झाडूचे सार्थक होईल. पात्यांची धार, पात्यांचे नट, पट्ट्यावरील जाळी, वंगण, तार : ही यादी कॅलेंडरच्या मागे लिहून गोठ्यात टांगता येते. आणि अपघात झालाच, तर भरपाईचा अर्ज लिहून देणे हे गावातील शिक्षक, ग्रामपंचायतीचा कारकून किंवा महाविद्यालयात शिकणारा मुलगा यांना सहज जमणारे काम आहे. या पानाचे वाचक बहुतांशी तेच आहेत.

मी स्वतः हा प्रयत्न त्या विद्यार्थ्यापासून सुरू केला. त्याचा अपघात तीन वर्षांपूर्वीचा. जुन्या कायद्याप्रमाणे अर्जाची मुदत दोन वर्षांची. तथापि सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो, आणि आपला हक्क ठाऊकच नव्हता हे कारण सांगावयास हरकत नाही. मी त्याला कोष्टक दाखविले, रक्कम काढून दाखविली, अर्जाचा मसुदाही लिहून दिला. त्याने तो शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाला, "सर, दवाखान्याचा सगळा खर्च मालकांनीच केला होता. आई अजून त्यांच्याच गोठ्यात जाते. आणि त्यांच्याकडे तरी एवढे पैसे कुठले?" मालक पाच एकरांचा धनी, तीन म्हशी, सोसायटीचे कर्ज. विमा उतरविला असता तर हा प्रश्न त्या मुलाला पडला नसता, हे मला ठाऊक आहे. वर्गात मी तसे शिकवीनही. त्या दिवशी मात्र मी त्याला एवढेच विचारले की, आता कुट्टी कोण करते. "आईच," तो म्हणाला. मसुदा त्याने घडी घालून डाव्या हाताने खिशात ठेवला आहे. सही अजून केलेली नाही. येत्या रविवारी आम्ही दोघे वेल्डरला घेऊन त्या गोठ्यात नळी बसवावयास जाणार आहोत. पत्र्याचे पैसे मालक देणार आहेत.